कोड दहा मिनिटंच जिवंत असतो

३ मार्च

चि. खारूस,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत. तुझी आई ठणठणीत आहे, हे तुला माहीतच आहे म्हणा. रोज संध्याकाळी तुम्ही दोघी स्वयंपाकघराचं दार लोटून फोनवर बोलता. मला ऐकू येत नाही असं तुम्हाला वाटतं, आणि तुम्हाला तसं वाटतं म्हणून मीही वर्तमानपत्र जरा जोरात उलटतो.

हे पत्र समेटासाठी नाही, हे आधीच सांगतो. एक काम आहे. मला एक कोड हवा आहे.

माझा जुना फोन बादलीत पडून गेला. नवा घेतला, नंबरही नवा घेतला. त्यावर माझं मेलचं खातं उघडायला गेलो, तर पडद्यावर अक्षरं उमटली: ‘हे उपकरण आम्ही ओळखत नाही.’ बरं, नसेल ओळखत. मीही त्याला ओळखत नाही. पण पुढे म्हणतं, ‘आम्ही एक कोड पाठवला आहे,’ आणि ज्या नंबरावर पाठवला त्याचे शेवटचे दोन आकडे दाखवतं. ते दोन आकडे तुझ्या नंबराचे आहेत.

ते तिथे कसे आले हे मी विसरलेलो नाही. दोन वर्षांपूर्वी मी चोराने पाठवलेल्या एका निळ्या ओळीवर बोट ठेवलं, आणि तू जेवणाच्या टेबलावर माझ्या हातातून फोन काढून घेतलास. पासवर्ड बदललास, माझा नंबर काढून स्वतःचा घातलास. एका शब्दाने विचारलं नाहीस. वर म्हणालीस, “बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. हे माझ्याकडे राहू दे.” चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेल्या माणसाला! दुकानाची किल्ली मी सख्ख्या भावाच्या हाती दिली नव्हती. मी जे बोललो ते बोललो. तू चहा अर्धा टाकून निघालीस. दिवसभर विमानतळावर परक्यांच्या पिशव्या उचकटतेस, तीच सवय घरी आणलीस, हे वाक्य मी तेव्हा बोललो होतो की नंतर मनात जुळवलं, आता आठवत नाही.

असो. मुद्द्याचं बोलतो. त्याच पडद्यावर खाली लाल अक्षरांत लिहिलंय की या खात्यातली माहिती जुनी झाली आहे. ३१ मार्चपर्यंत ती अद्ययावत केली नाही तर खातं बंद होईल, आणि आतलं सगळं पुसलं जाईल. म्हणे गेले कित्येक महिने सूचना पाठवत होतो. पाठवत होते, खरं आहे. मी एकही उघडली नाही, कारण ‘खात्याची माहिती अद्ययावत करा’ असं कोणी लिहिलं की तो चोर समजायचा आणि बोट लावायचं नाही, हे तूच बजावलं होतंस. मी तुझं ऐकलं. आयुष्यात एकदा ऐकलं, त्याचं हे फळ.

त्या खात्यात माझा वर्ग आहे. तुला हे थोडंफार ठाऊक आहे. दुकान बंद केल्यावर मी आमच्या सहावीच्या वर्गातल्या एकेकाला शोधून फोन केले, आणि ज्याला जी कविता येत होती ती त्याच्याकडून म्हणवून घेऊन त्याच्याच आवाजात जपून ठेवली. आमचं ते वाचनाचं पुस्तक आता कुठल्याही ग्रंथालयात नाही. आहे ते त्या म्हाताऱ्यांच्या घशांत होतं. बरेचसे घसे आता विझले.

आणि बेडूक. तुझा बेडूककाका, माझा पहिलीपासूनचा वर्गमित्र, जो घरात शिरण्याआधी कोपऱ्यावरूनच हाक मारायचा. त्याच्या घशात गाठ निघाली आणि या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याची स्वरपेटीच काढून टाकली. आता तो बोलत नाही, पुन्हा कधी बोलणारही नाही. त्याच्या बायकोचा मला फोन आला होता. म्हणाली, “भावजी, तुमच्याकडे यांचा आवाज आहे ना? यांना एकदा ऐकायचाय. आणि मला पण.” मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “वहिनी, उद्याच आणतो.”

तेव्हा पत्र मिळताच कोड पाठव. सहा आकडी असतो. मी आज दुपारीच बटण दाबलंय, तुझ्याकडे पोचला असेल.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेला,
तुझा बाप

११ मार्च

चि. खारूस,

तुझं कार्ड आलं. त्यावर सहा आकडे आहेत. वर मायना नाही, खाली सही नाही, ‘बाबा कसे आहात’ नाही. तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा आकड्याबरोबर दोन शब्द मिळत असतील.

ते आकडे मी एकेक करून भरले. उत्तर आलं: ‘या कोडची मुदत संपली आहे.’

मी चष्मा पुसून पुन्हा भरले. पुन्हा तेच. तुझ्या आईला हाक मारली. तिने कार्ड पाहिलं, वरचा पोस्टाचा शिक्का पाहिला, आणि मग इतकी हसली की तिला पाटावर बसावं लागलं.

“अहो, तो कोड दहा मिनिटंच जिवंत असतो! आणि तुम्ही पत्राने मागवलात?”

“मला काय ठाऊक?”

“तुम्हाला नसेल, तिला आहे ना? तिने तरी तिकीट लावून पाठवायचा? काय बाई एकेक नमुने. बाप तसा, लेक तशी.”

तर मग सांग, हे काय होतं? तू दिवसभर सुरक्षेच्या नोकरीत असतेस. तो कोड पोस्टाच्या पेटीत टाकण्याआधीच मेलेला होता हे तुला ठाऊक होतं. तरी वळणदार आकडे काढून तू त्याचं प्रेत माझ्याकडे पाठवलंस. सातला मधोमध आडवी रेघ देण्याची खोड मात्र अजून गेली नाही. ती मी लावलेली आहे.

मी तिला म्हटलं, “तूच विचार ना तिला आज संध्याकाळी. मी इकडे बटण दाबतो, ती तुला कोड सांगेल, तू मला सांग.” तर पदर खोचून उभी राहिली. “मी नाही तुमची पोस्टमन. दोन वर्षं तुमचे निरोप ‘तिला सांग’, ‘त्यांना सांग’ करत वाहिलेत. आता तोंडं आहेत ना तुम्हाला? वापरा.”

घरात हा न्याय.

मग मी म्हटलं, कोणाच्याही उपकाराविना आत शिरायची दुसरी वाट असेल. आहे. पण आधी मी यंत्र नाही हे सिद्ध करावं लागतं. नऊ चित्रं येतात आणि ज्यांत रस्त्यावरचा सिग्नल आहे ती निवडा म्हणतात. एका चौकटीत सिग्नल होता, आणि शेजारच्या चौकटीच्या कोपऱ्यात त्याच्या खांबाचा नखाएवढा तुकडा आला होता. मला तो दिसला. माझा धंदाच तो होता, लोकांना न दिसणारं दाखवण्याचा. मी तीही चौकट निवडली. यंत्र म्हणालं चूक. दुसऱ्यांदा तो तुकडा सोडून दिला, तरी चूक. मग वेडीवाकडी अक्षरं आली, पाण्यात बुडाल्यासारखी, ओळखा म्हणून. जन्मभर मी माणसांना खुर्चीवर बसवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं ओळखायला लावली. आज एका पेटीने मला खुर्चीवर बसवलं आणि मी नापास झालो.

त्यातून कसाबसा पुढे सरकलो तर प्रश्न आला: ‘तुमचे आवडते शिक्षक कोण?’ मला आनंद झाला. म्हटलं, अखेर माणसासारखं काहीतरी विचारलं! आम्हाला कविता शिकवणाऱ्या मास्तरांचं नाव घातलं. पायात चपला नसायच्या, पण वर्गात आले की खिडक्या मोठ्या झाल्यासारखं वाटायचं. चूक. त्यांचं टोपणनाव घातलं. चूक. मग ध्यानात आलं, या प्रश्नाचं उत्तर मी भरलेलंच नाही. तू भरलंयस. म्हणजे माझे आवडते शिक्षक कोण हे मला ठाऊक नाही, तुला आहे! आणि आता पडदा म्हणतो, फार प्रयत्न झाले, उद्या या. सरकारी कचेरी परवडली, तिथे निदान बाकावर बसता येतं.

माझा नवा नंबर या पत्राच्या मागे लिहिला आहे. तो फक्त कोडापुरता आहे. रविवारी संध्याकाळी बरोबर पाच वाजता मी बटण दाबीन आणि तुला ‘आता’ असा संदेश पाठवीन. तू आकडे पाठव. बोलायचं कारण पडणार नाही, तुलाही आणि मलाही.

यंत्राने नापास केलेला,
बाबा

१९ मार्च

चि. खारूस,

रविवारी ठरल्याप्रमाणे मी लिहिलं, “आता. कोड पाठव.”

तुझं उत्तर: “कोण?”

मी फोनकडे बघतच राहिलो. वाटलं गंमत करतेस. लिहिलं, “बाबा.”

तर तू लिहिलंस, आणि हे मी शब्दशः उतरवून काढतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाच पुन्हा वाचता येईल: “अनोळखी नंबरवरून कोड मागणाऱ्याला कोड देत नाही. चोर असेच मागतात. फोन करा. आवाज ऐकला की देईन.”

शाब्बास! तुला जन्मल्यावर कापडात गुंडाळून पहिल्यांदा माझ्या हातात दिलं होतं. तुझ्या आईच्याही आधी. तेव्हा मी विचारलं नव्हतं, कोण म्हणून.

तो नंबर मी माझ्या अक्षरात तुला लिहून पाठवला होता. ते अक्षर तू ओळखतेस. तरी म्हणतेस अनोळखी! तुझ्या आईला दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बरोबर आहे तिचं. अक्षराची नक्कल होते.”

“माझ्या अक्षराची नक्कल करून कोणाला काय मिळणार आहे?”

“तुम्ही करा की एक फोन. झिजाल का?”

“तिने काढून घेतलंय माझं खातं. तिने करावा.”

“मग बसा दोघं. एक किल्ली धरून बसलीय, दुसरा कुलूप धरून.”

बरं, तुला पुरावा हवा ना? घे.

तू सात वर्षांची होतीस. शाळेतून चिठ्ठी आली, मुलीला फळ्यावरचं दिसत नाही. तुला चष्मा नको होता. शेजारच्या मुलाला वर्गात काय म्हणतात ते तू ऐकलं होतंस. मी तुला दुकानातल्या उंच खुर्चीवर बसवलं आणि तू तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा म्हणून दाखवलीस. मी थक्क झालो. मग मी तक्ता उलटा केला, मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती, आणि तू पुन्हा तीच जुनी ओळ म्हटलीस. पाठ करून आली होतीस! मी हसलो नाही. तुला मांडीवर घेतलं आणि सगळ्या फ्रेमा काढून समोर मांडल्या. तू लाल निवडलीस.

आणखी? सायकलवर पुढच्या दांडीवर बसून तू माझ्याबरोबर कविता म्हणायचीस. ती नदीची, बेडकाची लाडकी:

नदीकाठच्या दगडा, तू रे कधी उठशील?
पाणी गेले पुढे निघूनी, तू का मागे राहशील?

मी पहिली ओळ म्हणायचो, आणि दुसरीच्या जागी तू दर वेळी नवं काहीतरी घुसडायचीस. ‘शेवाळाची चादर घेऊन किती दिवस झोपशील?’ एकदा म्हणालीस, ‘म्हशीने जर धक्का दिला तर पटकन तरी उठशील!’ मी हसता हसता सायकल कुंपणात घातली होती. तुझ्या कोपराला त्याची खूण अजून असेल. बघ, आणि मग सांग मी कोण आहे ते.

या आठवणी चोराजवळ असत्या तर तो चोरी सोडून देता, खारू. दाराशी बसून राहता.

महिना अर्ध्याहून अधिक सरला आहे. बेडकाच्या बायकोला मी रोज ‘उद्या’ म्हणून सांगतो.

ओळख पटवता पटवता दमलेला,
बाबा

२५ मार्च

चि. खारूस,

तुझा संदेश मिळाला. “चष्म्याची गोष्ट तुम्ही मला मेलमध्ये लिहिली होती. सायकलचीही. ज्याने मेल चोरले त्याला हे सगळं माहीत असणार. आवाज.”

फक्त ‘आवाज’. एका शब्दाची तार. मला रागाने लिहिता येईना म्हणून दोन दिवस थांबलो.

तेवढ्यात मी कंपनीलाही फोन केला, तुझ्या हातापाया न पडता सुटावं म्हणून. एक गोड बाई बोलली. तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे, म्हणाली. मी सगळी हकिगत सांगितली, बेडकाची स्वरपेटी, बादली, तू. माझं पुरं झाल्यावर ती म्हणाली, “समजलं नाही. पासवर्डसाठी एक दाबा.” ती बाई नव्हतीच. मी एवढं मन मोकळं केलं ते एका ध्वनिफितीपुढे. तुझ्या आईपुढे कधी केलं नाही तेवढं.

काल बेडकाकडे गेलो. रिकाम्या हाताने जायची लाज वाटत होती, पण त्याच्या बायकोने बोलावलं. तो खिडकीशी बसला होता, गळ्याभोवती पांढरा रुमाल. मांडीवर एक छोटी पांढरी पाटी, दोरीला बांधलेलं काळं पेन. मला पाहताच त्याने टाळी वाजवली. आता हाक मारायची त्याची ती रीत.

मी सगळं सांगितलं. कोड, कार्ड, तू, तुझा ‘आवाज’. मला वाटलं तो माझी बाजू घेईल. पहिलीपासून घेत आलाय, मार खाऊनसुद्धा. त्याने पाटीवर लिहिलं: ‘पोरगी हुशार आहे.’

“हुशार? अरे, बापाला चोर म्हणते ती!”

पुसून लिहिलं: ‘चोर म्हणत नाहीये. फोन मागतेय.’

“फोन मागायचाच असेल तर सरळ मागावा. आणि मी का करू? सुरुवात तिने केली. माझ्या हातातून तिने घेतला फोन.”

त्याची बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, “भावजी, दोन वर्षं झाली ना हो?” बेडकाने पाटी हातात घेतली, बराच वेळ पेन उचललं नाही. मला वाटलं काहीतरी गंभीर येतंय. माणूस मरणाच्या दारातून परतलाय, बोलणं कायमचं गेलंय, आता मला चार उपदेशाच्या गोष्टी लिहिणार. मी मनाची तयारी केली. त्याने पाटी माझ्याकडे वळवली.

‘गाढवा, फोन कर.’

आणि हसला. आवाज न करता हसणं कसं दिसतं ते तुला सांगता येत नाही. खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि खोलीत काहीच ऐकू येत नाही. मीही हसलो, आणि माझ्या हसण्याचा आवाज त्या खोलीत इतका मोठा झाला की मी मध्येच थांबलो.

घरी येऊन फोन हातात घेतला. तुझा नंबर पाठ आहे, त्याला यंत्र लागत नाही. पण खारू, फोन लागल्यावर मी काय म्हणू? कोड दे म्हणू? की आधी कशी आहेस विचारू, आणि मग तुला वाटेल कोडासाठीच विचारतोय? की कोड मागू, आणि मग तुला वाटेल एवढ्यापुरतीच आठवण आली? पत्रात खोडता येतं. या पानाच्या मागे बघ, तीन ओळी खोडल्या आहेत, वाचण्याचा प्रयत्न करू नकोस.

मी फोन करणार नाही. तू कर. नंबर तुझ्याकडे आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत महिना संपत आला असेल, आणि मग कोणी कोणाला फोन केला याला काही अर्थ राहणार नाही.

दोन्ही बाजूंनी अडकलेला,
बाबा

२ एप्रिल

खारू,

आधी बेडकाचं सांगतो, कारण तू फोनवर दोनदा विचारलंस आणि तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं.

काल सकाळीच गेलो. फोन त्याच्या समोर टेबलावर ठेवला आणि बोट दाबलं. प्रथम खरखर आली, मग माझा आवाज: “हं, म्हण रे.” आणि मग तो. तोच, कोपऱ्यावरून हाक मारणारा. नदीची कविता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एकदा खोकून, एकदा “थांब, विसरलो” म्हणून. बेडूक अगदी ताठ बसून ऐकत होता, जसा कोणी पाहुणा आलाय. त्याची बायको पहिल्या ओळीलाच आत निघून गेली आणि कविता संपेपर्यंत आली नाही. संपल्यावर त्याने पाटीवर लिहिलं: ‘हा माणूस फार मोठ्याने बोलतो.’ मग खूण केली, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा त्याचे ओठ हलत होते. आवाज टेबलावरून येत होता आणि शब्द त्याच्या ओठांवर दिसत होते, एकदम बरोबर, एकही मात्रा न चुकता. मी खिडकीबाहेर बघितलं.

आता परवाचं. ते तुला ठाऊक आहे, पण तुला फक्त ऐकू आलं. इकडे काय चाललं होतं ते दिसलं नाही, ते लिहितो.

तू फोन केला नाहीस. मीही करणार नव्हतो. दुपारी तुझ्या आईने माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि बसली. काही बोलली नाही. तिचं न बोलणं किती जड असतं तुला ठाऊक आहे. शेवटी मी म्हटलं, “करतो. पण हे त्या बेडकासाठी.” ती म्हणाली, “हो हो, बेडकासाठी.”

मी काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. तू उचललास, “हॅलो, कोण?” म्हणालीस, आणि माझा कागद हातातून निसटून टेबलाखाली गेला. मी नुसता खाकरलो.

तू म्हणालीस, “बाबा. खाकरलात तिथेच ओळखलं.”

मग आपण भांडलो. मी ‘चोर’ म्हणालो, तू ‘हट्टी’ म्हणालीस, मी पोस्टाच्या कार्डाचा विषय काढला, तू म्हणालीस तुम्ही पत्राने मागितलंत म्हणून मी पत्राने दिलं, दोन वर्षांत एक पत्र आलं आणि तेही कोडासाठी! त्या सगळ्या वेळात माझ्यासमोर टेबलावरच्या फोनवर कोडाची रिकामी चौकट चमकत होती. तू आकडे सांगितलेस तोवर मुदत संपलेली. दुसरा मागवला, तो भांडता भांडता मी चुकीचा लिहिला. तिसऱ्याच्या वेळी तुझी आई मागून ओरडली, “आधी कोड, मग भांडण!” ते तुलाही ऐकू गेलं असणार, तू हसलीस.

दार उघडलं. सगळा वर्ग आत होता.

मी तिथेच फोन ठेवणार होतो. काम झालं होतं. तू म्हणालीस, “थांबा. आता माहिती अद्ययावत करू, नाहीतर परत हेच. मी सांगते, तुमच्याच हाताने दाबा.” तू सांगत गेलीस आणि मी दाबत गेलो. नवा नंबर. नवा पासवर्ड, जो तू ऐकायला नकार दिलास, “मला सांगू नका, कोणालाच सांगू नका.” आवडत्या शिक्षकांच्या जागी माझे खरे मास्तर. बादलीत बुडालेल्या फोनचं नाव यादीत अजून होतं, ते काढलं. आवाजांची एक प्रत वेगळ्या जागी. मग पडद्यावर तुझा नंबर आला आणि शेजारी ‘काढून टाका’.

तू म्हणालीस, “काढा.”

मी बोट वर धरून बसलो होतो. तुझी आई माझ्या बोटाकडे बघत होती.

“काढा ना बाबा. तुम्हाला तेच हवं होतं. माझी चूक झाली तेव्हा, मी विचारायला हवं होतं.”

“हो, हवं होतं,” मी म्हणालो. आणखी काही बोलायला हवं होतं, पण ते आलं नाही. मग म्हणालो, “ठेवू का?”

तुझ्या मागे कुठेतरी चाकाच्या बॅगा घसरत जात होत्या. तुझी विमानतळावरची मधली सुट्टी संपत आली होती हे मला तेव्हा कळलं. मी पुन्हा विचारलं, “खारू, तुझा नंबर ठेवू का माझ्या खात्याला?”

“ठेवा,” तू म्हणालीस.

आणि मग घाईघाईत, आवाज बारीक करून, “बाबा, माझ्या खात्याला दुसरा नंबर म्हणून माझ्या जुन्या ऑफिसचा आहे. तो कधीच बंद झाला. बदलायचा राहून गेला.”

मी म्हणालो, “दुसऱ्यांच्या पिशव्या तपासतेस आणि स्वतःची उघडी?”

“म्हणून तर विचारतेय. तुमचा घालू का?”

मला वाटतं मी ‘घाल’ म्हणालो. तुझ्या आईचं म्हणणं, मी नुसती मान हलवली, आणि तिने पुढे होऊन फोनमध्ये ‘घाल म्हणतायत’ म्हणून सांगितलं. एवढा एक निरोप तिने वाहिला.

तू म्हणालीस, “आता तुमच्याकडे कोड येईल. वाचून दाखवा.”

आला. माझा फोन माझ्या हातात थरथरला आणि त्यावर सहा आकडे उगवले, तुझे. पण मला ते दिसेनात. माझा चष्मा नाकावर होता, काच स्वच्छ होती, नंबर बरोबर होता. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, काच दोषी नसेल तर डोळा तपासा. मी डोळे पुसले तरी आकडे एकात एक मिसळत होते. तू तिकडून म्हणत होतीस, “बाबा? आला का? बाबा, दहा मिनिटं असतात.”

तुझ्या आईने माझ्या नाकावरचा चष्मा काढला आणि स्वतःचा लावला. तिचा मला लागत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तरी तो लावून मी ते आकडे वाचले, एकेक, सावकाश, आणि प्रत्येकाला तू तिकडून “हं” म्हणालीस.

बाबा